सत्तर अक्षरं, पाच फॉरवर्ड

'दिवाळीच्या हार्दिक शुभेच्छा.' बटणांच्या मोबाइलवरून हे तीन शब्द देवनागरीत एसएमएसने पाठवायला गेलं, तर मेसेजची जवळजवळ चाळीस टक्के जागा तेवढ्यातच भरायची. तेच शब्द रोमन लिपीत लिहिले की अठरा टक्क्यांच्या आत काम भागायचं. यात मराठीचा दोष काही नाही, सगळा हिशेबाचा मामला आहे. एका एसएमएसला जागा १४० बाइटची, आणि एक बाइट म्हणजे आठ बिट. रोमन अक्षराला सात बिट पुरतात, म्हणून तिथे १६० अक्षरं बसतात. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला सोळा बिट लागतात, म्हणून बसतात फक्त ७०. त्यातून काना, मात्रा, वेलांटी, हलन्त हे सगळे स्वतंत्र मोजले जातात. 'च्छा' आपल्याला एक अक्षर दिसतं, यंत्र तिथे चार चिन्हं मोजतं. वरच्या शुभेच्छेची देवनागरीत २७ चिन्हं होतात आणि रोमनमध्ये साधारण २८ अक्षरं. म्हणजे लांबी सारखीच, पण एक ७० पैकी आणि दुसरी १६० पैकी. एक जरी देवनागरी अक्षर मेसेजमध्ये शिरलं, की अख्खा मेसेज ७० च्या मापाला यायचा. मजकूर त्यापुढे गेला की दोन मेसेजचे पैसे. आणि एवढं करून समोरच्याच्या हँडसेटमध्ये देवनागरी फाँट नसला, तर त्याला शुभेच्छांऐवजी चौकोनांची रांग मिळायची.

मग मराठी माणसाने काय केलं? रोमनमध्ये मराठी लिहायला सुरुवात केली. त आणि ट एकच झाले, न आणि ण एकच झाले, ल आणि ळ यांच्यातला फरक वाचणाऱ्याच्या समजूतदारपणावर सोडला गेला. 'वाट बघतेय' आणि 'वात बघतेय' दिसायला सारखंच. एका पिढीने प्रेमापासून भांडणापर्यंत सगळं अशा मराठीत लिहिलं. पुढे स्मार्टफोन आले, देवनागरी कीबोर्ड फुकट मिळाले, ७० ची मर्यादाही उरली नाही. तरी त्या पिढीतल्या अनेकांची बोटं अजून रोमनकडेच वळतात. रोमनमध्ये मराठी लिहा असा फतवा कोणी काढला नव्हता. १९८० च्या दशकात युरोपातल्या दूरसंचार अभियंत्यांनी मोबाइल यंत्रणा आखताना छोट्या संदेशासाठी जेवढी जागा मोकळी सापडली तेवढी दिली. पहिला एसएमएस ३ डिसेंबर १९९२ रोजी ब्रिटनमध्ये गेला, नाताळच्या शुभेच्छांचा. मराठी त्या खोलीत कोणाच्या मनातही नव्हती.

'तंत्रज्ञान संस्कृती घडवतं' हे वाक्य आपण इतक्या वेळा ऐकतो की त्यातून काही कळेनासं झालंय. नवमाध्यमांचा, म्हणजे मोबाइल-इंटरनेटसारख्या माध्यमांचा, सिद्धांत म्हणून जे शिकवलं जातं त्यातला कामाचा भाग मला या अशा बारीक जागी दिसतो: किती अक्षरं, किती पैसे, बटण कुठे आहे, आणि ते न दाबता आपोआप काय होतं.

या विषयाची चर्चा मार्शल मॅक्लुहान यांच्यापासून सुरू करायची पद्धत आहे. ते कॅनडाचे, इंग्रजी साहित्याचे प्राध्यापक. १९६४ सालच्या 'अंडरस्टँडिंग मीडिया' या पुस्तकात त्यांनी मांडलं की माध्यम हाच संदेश असतो. ऐकायला हे कोड्यासारखं वाटतं, पण त्यांचंच रेल्वेचं उदाहरण घेतलं की गाठ सुटते. रेल्वेतून काय वाहून नेलं जातं याला त्यांच्या लेखी दुय्यम महत्त्व. रेल्वेमुळे अंतरं बदलली, शहरांचा आकार बदलला, कामाच्या वेळा बदलल्या, आणि हाच रेल्वेचा खरा 'संदेश'. मुंबईकराला हे वेगळं समजावायला नको. लोकलच्या डब्यात कोण बसलं होतं आणि त्यांच्या पिशवीत काय होतं, याने डोंबिवली घडली नाही. सकाळी ठरावीक वेळेला गाडी मिळते, तासाभरात कचेरी गाठता येते, म्हणून घडली. फोनचंही तसंच. आपण मेसेजमध्ये काय लिहिलं यावर वाद घालत बसतो, आणि मेसेज कधीही, कुठेही, फुकटात पोचतो या गोष्टीने आपला दिवस कसा बदलला ते बघायचं राहून जातं.

मॅक्लुहान वाचणं तसं वैतागाचं काम आहे. ते सिद्ध काही करत नाहीत, एकामागून एक चमकदार वाक्यं टाकत जातात. त्यांच्याआधी टोरंटोतच हॅरॉल्ड इनिस नावाचे अर्थशास्त्राचे इतिहासकार होऊन गेले. ते रुक्ष लिहितात, पण मला जास्त पटतात. कॅनडाचा फरचा व्यापार, मासेमारी, कागदाचा उद्योग यांचा अभ्यास करता करता ते माध्यमांकडे वळले. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: काही माध्यमं जड आणि टिकाऊ असतात, ती काळावर मात करतात. काही हलकी आणि स्वस्त असतात, ती अंतरावर मात करतात. समाजात ज्या प्रकारच्या माध्यमाचा जोर, त्या प्रकारची सत्ता तिथे फोफावते. श्रवणबेळगोळचा मराठी शिलालेख हजारेक वर्षं जागेवर उभा आहे, पण तो वाचायला तिथे जावं लागतं. पेशवाईचा कारभार दगडावर चालला नसता. त्याला कागद हवा, आणि हात न उचलता भराभर लिहिता येणारी मोडी हवी.

पुढे छापखाना आला आणि मोडीचा हाच गुण तिच्या मुळावर आला. विल्यम कॅरे या मिशनऱ्याने बंगालमधल्या श्रीरामपूरला १८१० साली मराठी कोश छापला तो मोडीचे खिळे पाडून. पण खिळ्यांच्या छपाईत सुटी, सरळ उभी अक्षरं सोयीची, आणि पुढे छापील मराठी बाळबोधीतच, म्हणजे देवनागरीतच, स्थिरावली. मोडी दप्तरांत आणि खाजगी पत्रांत विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत टिकली आणि मग संपली. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायची मोहीम सुरू झाली, तेव्हा जिल्ह्याजिल्ह्यांत मोडी वाचणारे शोधत फिरायची पाळी आली. आपल्याच पणजोबांचे कागद, आणि वाचायला दुभाषा.

आता इथे एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. वेल्समध्ये जन्मलेले समीक्षक रेमंड विल्यम्स यांनी १९७४ साली टेलिव्हिजनवरच्या पुस्तकात मॅक्लुहान यांच्या या विचारसरणीवर हल्ला चढवला. तंत्रज्ञान आकाशातून पडतं आणि समाज बदलून टाकतं, असं मानलं तर ते कोणी बनवलं, कोणाच्या पैशांनी, कोणाच्या गरजेपोटी, हे प्रश्नच मिटतात. तेच तंत्र वेगळ्या समाजात, वेगळ्या मालकांच्या हाती वेगळं वागतं. एसएमएसचंच घ्या. ७० चिन्हांची मर्यादा तांत्रिक होती, पण त्यावर पैसे किती लावायचे हे कंपन्यांनी ठरवलं. दिवाळीला आणि एकतीस डिसेंबरला आपल्याकडे मेसेजचे पॅक चालत नसत, प्रत्येक मेसेजला पूर्ण दर पडायचा. ज्या दिवशी मेसेज पाठवायचा तोच दिवस महाग! यात अभियांत्रिकी कुठेच नव्हती, निव्वळ धंदा होता.

मॅक्लुहान खरे की विल्यम्स, हा वाद पुस्तकात वाचला की कोरडा वाटतो. आपल्याकडे तो २०१८ साली फार भयानक रीतीने समोर आला.

१ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाडा गावात आठवडी बाजार होता. मुलं पळवणारी टोळी फिरतेय अशा अफवा त्या भागात मोबाइलवरून पसरल्या होत्या. नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजाचे पाच जण, मूळ सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याकडचे, भिक्षा मागत तिथे आले होते. जमावाने त्यांना संशयावरून धरलं, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडलं आणि जीव जाईपर्यंत मारलं. त्या वर्षी देशात ठिकठिकाणी असेच बळी गेले.

त्या महिन्यांत भारतभर फिरणाऱ्या व्हिडिओंपैकी एकाची जन्मकथा पुढे उघड झाली. तो कराचीतला होता. मुलांच्या सुरक्षेसाठी काम करणाऱ्या एका संस्थेने जनजागृतीसाठी तो बनवला होता. गल्लीत मुलं खेळताहेत, मोटरसायकलवरून दोघे येतात, एका मुलाला उचलून पसार होतात. मूळ फिल्ममध्ये ते लगेच परत येतात, मुलाला सोडतात आणि फलक धरतात: कराचीत मूल पळवायला एक क्षण पुरतो. भारतात फिरणाऱ्या प्रतीतून हा शेवट कापलेला होता. उरलं ते निव्वळ अपहरण, सीसीटीव्हीत टिपल्यासारखं.

लेव्ह मॅनोविच या अभ्यासकाने २००१ साली नवमाध्यमांची जी लक्षणं सांगितली, ती या व्हिडिओवर ताडून बघता येतात. नवमाध्यमातली प्रत्येक वस्तू मुळात आकड्यांची बनलेली असते. म्हणून ती तुकड्यातुकड्यांनी वेगळी करता येते, आणि तिची एकच अशी पक्की आवृत्ती नसते. फिल्मच्या रिळाचा तुकडा कापला तर जोड दिसतो, वर्तमानपत्राचं अर्धं पान फाडलं तर फाटकी कड दिसते. फाइलला कड नसते. शेवट कापलेली प्रत मूळ प्रतीइतकीच अखंड दिसते, आणि कराची लिहिलेला फलक एकदा गेला की गल्ली कुठलीही होऊ शकते, बंगळुरूची किंवा साक्रीची.

विल्यम्स यांची बाजू घेणारा इथे म्हणेल, फोनला कशाला बोल लावता? झोळीवाला येईल आणि झोळीत घालून नेईल, ही भीती आपल्या घरांत फोनच्या कितीतरी आधीपासून मुलांना घातली जाते. भटक्यांबद्दलचा संशय गावगाड्याइतका जुना आहे. खोटा व्हिडिओ गावात पोचला तेव्हा तो खरा मानायची तयारी आधीच झालेली होती. हे सगळं खरं आहे. चप्पल आणि दगड उचलणारे हात माणसांचेच होते, व्हॉट्सॲपचे नव्हते.

पण मग पुढे काय झालं तेही बघायला हवं. राईनपाड्यानंतर दोनच दिवसांनी केंद्र सरकारने व्हॉट्सॲप कंपनीला खडसावलं. कंपनीने वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती दिल्या, आलेल्या मेसेजवर 'फॉरवर्डेड' असा शिक्का दिसू लागला, आणि त्याच महिन्यात भारतापुरती मर्यादा जाहीर झाली: एका वेळी पाचच चॅटना फॉरवर्ड. त्याआधी ही संख्या अडीचशेच्या घरात होती. फोटो-व्हिडिओच्या शेजारी असलेलं झटपट फॉरवर्डचं बटणही भारतात काढून टाकलं. जगात सगळ्यात जास्त फॉरवर्ड भारतातले लोक करतात, हेही कंपनीने तेव्हाच सांगितलं. जानेवारी २०१९ मध्ये पाचाची मर्यादा जगभर लागू झाली. एप्रिल २०२० मध्ये कोरोनाच्या अफवांचा पूर आला, तेव्हा फार वेळा फिरलेला मेसेज एका वेळी एकाच चॅटला, असं ठरलं. कंपनीच्याच सांगण्यानुसार पहिल्या मर्यादेने फॉरवर्डचं प्रमाण जगभरात २५ टक्क्यांनी घटलं आणि दुसरीने अशा फार फिरलेल्या मेसेजचा प्रसार ७० टक्क्यांनी कमी झाला.

हे आकडे कंपनीचे आहेत हे लक्षात ठेवूनही त्यांच्याकडे जरा थांबून बघावंसं वाटतं. लोकांचं प्रबोधन झालेलं नव्हतं. कोणाची श्रद्धा, भीती, पूर्वग्रह रातोरात बदलले नव्हते. अॅपमधला एक आकडा बदलला आणि माणसं वेगळी वागली. पाच हाही काही लहान आकडा नाही. तेव्हा ग्रुपमध्ये २५६ जण मावत, म्हणजे एका झटक्यात पाच ग्रुप धरले तर १२८० लोक. तरीही अंगठा पुन्हा पुन्हा हलवायला लागणं, एवढ्या अडथळ्याने फरक पडला.

संतोषी मातेची पोस्टकार्डं ज्यांना आठवतात त्यांना हे लगेच उमगेल. 'हे पत्र मिळताच इतक्या जणांना पाठवा, पाठवलं त्याला लाभ झाला, फाडलं त्याचं नुकसान झालं.' मजकूर आजच्या फॉरवर्डसारखाच, धमकीसकट. भारतात पोस्टकार्ड १८७९ साली पाव आण्याला आलं आणि पुढेही ते स्वस्तच राहिलं. म्हणजे साखळीपत्राला पैशांचा अडसर फारसा नव्हता. अडसर होता तो हाताने अकरा वेळा लिहायचा. भाविकसुद्धा तिसऱ्या कार्डानंतर देवीची माफी मागून मोकळा होत असणार. फॉरवर्डच्या बटणाने वाचवले ते हे कष्ट. तंत्रज्ञान आपल्याला हुकूम देत नाही, पण काय स्वस्त आणि काय महाग ते ठरवतं, आणि स्वस्त झालेली गोष्ट आपण जास्त करतो. मॅक्लुहान आणि विल्यम्स या दोघांच्या मध्ये मी उभा राहतो तो इथे. किमतीचा परिणाम होतो हे पहिल्यांचं बरोबर. किंमत कोणीतरी बसून ठरवलेली असते हे दुसऱ्यांचं बरोबर.

सगळंच एवढं गंभीर नाही. सकाळच्या सुप्रभाताचंच बघा. गुलाब, उगवता सूर्य, खाली सुविचार, आणि सगळं एका चित्रात. भारतीय फोन या चित्रांनी इतके भरून जात होते की २०१८ च्या सुरुवातीला गुगलने ती शोधून पुसायची सोय काढली. हे मजकूर चित्रातच का येतात? माझा अंदाज असा, की ज्याला देवनागरी टाइप करता येत नाही त्यालाही चित्र पाठवता येतं, आणि समोरच्याच्या फोनमध्ये फाँट असो-नसो, ते तसंच दिसतं. चौकोनांच्या काळाने शिकवलेली युक्ती. शिवाय नवं माध्यम जुन्याच्या अंगरख्यात येतं हे बोल्टर आणि ग्रुसिन या दोन माध्यम-अभ्यासकांनी १९९९ साली सविस्तर मांडलंय, आणि आपल्या सुप्रभाताच्या चित्राचा अंगरखा उघडच भिंतीवरच्या कॅलेंडरचा आहे.

फॉरवर्डमधली एक खोड तर मला फार जुन्या ओळखीची वाटते. कोणाचाही लेख, कोणाचीही कविता फिरता फिरता पु. ल. देशपांड्यांच्या नावावर जमा होते. जाणकार चिडतात, दुरुस्त्या पाठवतात, आठवड्याने तेच पुन्हा येतं. अमेरिकी अभ्यासक वॉल्टर ऑन्ग यांनी १९८२ साली लिहून ठेवलंय की रेडिओ, टीव्ही, टेलिफोन यांनी छापील समाजात एक दुसरी मौखिकता आणली. लिहिता-वाचता येणारी माणसं पुन्हा बोली परंपरेसारखी वागू लागतात. बोली परंपरेत मजकुराला मालक नसतो, वळण असतं, आणि चांगली ओळ मोठ्या नावाला जाऊन चिकटते. तुकोबांच्या गाथेत शिरलेले क्षेपक अभंग वेगळे काढता काढता संशोधक थकले, ते याच कारणाने. 'तुका म्हणे' लावलं की अभंग चालायचा, 'पु. ल.' लावलं की फॉरवर्ड चालतो. लेखकाचं नाव पक्कं हवं हा आग्रह छापखान्याचा. व्हॉट्सॲप छापखान्यासारखं दिसतं, पण चालतं पारावरच्या गप्पांसारखं. तिथे लोक लिहीत नाहीत, लिहून बोलतात. २०१३ पासून तर आवाजच पाठवता येतो, आणि कीबोर्डच्या वाटेला कधी न गेलेली आजी नातवाला दोन मिनिटांचा व्हॉइस मेसेज सोडते, मध्ये कुकरची शिट्टीही पाठवते.

काही बदल नात्यांत होतात आणि ते मोजता येत नाहीत. नोव्हेंबर २०१४ मध्ये निळ्या खुणा आल्या आणि गप्प बसण्याला अर्थ आला. पत्र पोचलं नसेल, ही सगळ्यांची अब्रू राखणारी शंका संपली. 'वाचलंय, पण उत्तर नाही' हा नणंद-भावजयीतला नवा मुद्दा झाला. काही दिवसांतच कंपनीला त्या खुणा बंद करायची सोय द्यावी लागली. 'ग्रुप अॅडमिन' हे पद तर गावातल्या कुठल्याच जुन्या पदाशी जुळत नाही. सॉफ्टवेअरने निर्माण केलेलं हे पद शेवटी कोर्टात गेलं. ग्रुपमधल्या सदस्याने आक्षेपार्ह मजकूर टाकला म्हणून, कटात सामील असल्याशिवाय, अॅडमिनला जबाबदार धरता येणार नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये स्पष्ट केलं. अॅडमिनला तेव्हा फक्त सदस्य घेता आणि काढता येत, मजकूर आधी तपासायचं बटणच त्याच्याकडे नव्हतं, हे कोर्टाने ध्यानात घेतलं. कायद्याने बटणं मोजून जबाबदारी ठरवली, असं म्हणायला हरकत नाही.

सध्याचा मोठा झगडाही अशाच एका रचनेवरून आहे. एप्रिल २०१६ पासून व्हॉट्सॲपचे मेसेज दोन्ही टोकांना कुलूपबंद असतात, मधल्या कंपनीलाही वाचता येत नाहीत. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्र सरकारने नियम आणला: आदेश आला तर एखादा मेसेज सर्वांत आधी कोणी पाठवला हे मोठ्या मेसेजिंग कंपन्यांना सांगता आलं पाहिजे. मे महिन्यात व्हॉट्सॲप त्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेलं. कुलूप तोडायला लावलं तर आम्ही भारतातून निघून जाऊ, असं एप्रिल २०२४ मध्ये कंपनीच्या वकिलांनी तिथे सांगितलं. सरकारच्या मागणीमागे राईनपाड्यासारख्या घटना आहेत, त्यामुळे ती उडवून लावता येत नाही. पण एका अफवेचा उगम शोधायचा तर आधीपासूनच प्रत्येक मेसेजवर, सुप्रभातावरसुद्धा, कोणाचा तरी ठसा ठेवावा लागेल, हेही तितकंच खरं. आणि नियमातला 'पहिला' कोण? मेसेज परदेशातून आला असेल, तर भारतात तो ज्याने आधी पाठवला त्यालाच पहिला मानायचं, असं त्यात लिहिलंय. कराचीचा व्हिडिओ यात बसवून बघा. शेवट कापणारा बाहेर बसला असेल तर तो सुटतो, आणि घाबरून आपल्या भावाला सावध करणारा इथला पहिला माणूस सापडतो.